गिऱ्हाईकाची चप्पल आणि महिन्याचं टार्गेट

प्रश्न : ताई नमस्कार. मी दादरला एका मोठ्या साडीच्या दुकानात काउंटरवर आहे. पगार बेताचाच, खरं घर चालतं ते इन्सेंटिव्हवर, आणि इन्सेंटिव्ह मिळतो टार्गेट पूर्ण झालं तर. आम्हाला जे सिनियर दादा शिकवतात त्यांचं एकच पालुपद, गिऱ्हाईक दारातून आत आलं की आधी चप्पल बघायची, मग पर्स, मग हातातला मोबाइल, आणि मग ठरवायचं की गादीवर बसवायचं का स्टँडवरच्या साड्या दाखवून वाटेला लावायचं. परवा एक बाई आल्या, साधी कॉटनची साडी, हातात भाजीची पिशवी. त्यांनी वरच्या रॅकमधल्या पैठणीकडे बोट दाखवलं तर दादा बसल्या जागेवरून म्हणाले "ती महागाची आहे, ह्या खालच्या बघा". बाई काही बोलल्या नाहीत, खालच्या दोन-चार साड्या चाळल्या आणि गेल्या. दादा मला म्हणतात, बघितलंस, घेणारी नव्हतीच! मला ते अजिबात पटलं नाही पण उत्तरही सुचेना. कारण शनिवार-रविवारी खरंच इतकी गर्दी असते की सगळ्यांना सारखा वेळ देणं शक्यच नसतं, आणि नुसते टाइमपास करणारेही येतातच ना. मग कुठेतरी अंदाज बांधावाच लागणार. मी नक्की काय करू?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : अगं, दादांच्या "घेणारी नव्हतीच" मध्ये केवढी सोय आहे बघ. आधी आपणच बाईंना हटकायचं, त्या गेल्या की म्हणायचं माझा अंदाज बरोबर निघाला. असा अंदाज कधी चुकणारच नाही, कारण चुकला हे कळायची सोयच ठेवलेली नाही. त्या बाई पैठणी घेणार होत्या की नव्हत्या हे आता तुलाही माहीत नाही, मलाही नाही आणि दादांना तर त्याहून नाही.

आता चपलेचं. मुंबईत चप्पल बघून माणसाची ऐपत ओळखायची म्हणजे कमालच आहे. जुलै महिन्यात हिंदमाता चौकात तुंबलेल्या पाण्यातून पँट गुडघ्यापर्यंत दुमडून जो येतो त्याच्या पायात रबरी चप्पलच असणार, तो डॉक्टर असो नाहीतर डॉक्टरांचा कंपाउंडर. विरार फास्टमधून दादरला उतरलेल्या बाईची साडी चुरगळलेली, केस विस्कटलेले, खांद्यावर डब्याची पिशवी, हे तिच्या बँकेच्या पासबुकाबद्दल काहीच सांगत नाही, फक्त ती कुठल्या डब्यातून आली एवढंच सांगतं.

आणि आपल्याकडे पैसा अंगावर दिसतोच कुठे? घरकाम करणाऱ्या मावशींची भिशी लागते तेव्हा त्या एकरकमी पैसे घेऊन येतात, आणि येतात त्या शेवटचं काम उरकून, त्याच कपड्यात. ससून डॉकला पहाटे लिलावात उभ्या राहणाऱ्या कोळणी दुपारी खरेदीला निघतात तेव्हा अंगाला मासळीचा वास असतो आणि दुकानातले लोक नाक मुरडतात. याच बायका नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीसाठी किंवा घरच्या हळदीसाठी अख्ख्या गटाला एका रंगाच्या, एका काठाच्या साड्या घेतात, म्हणजे एका बिलात तुझा आठवडा निघाला. लग्नाच्या बस्त्याचं तर विचारूच नकोस. गावाकडून पंधरा-वीस माणसं येतात, त्यातल्या गॉगलवाल्या मुलाच्या मागे पुढे सगळे सेल्समन नाचतात, आणि पैसे असतात कोपऱ्यात टोपी घालून गप्प बसलेल्या आजोबांच्या बंडीच्या आतल्या खिशात. मानपानाच्या साड्या कुठल्या आणि नवरीचा शालू कुठला हे ठरवते विटक्या नऊवारीतली आजी. तिला कोणी पाणीसुद्धा विचारलेलं नसतं.

पण थांब. इथपर्यंत दादाही मान डोलावतील, कारण असे किस्से सगळ्यांनाच आवडतात. कर्नाटकात तुमकुरूला जानेवारी 2022 मध्ये झालेलं आठवत असेल, एक शेतकरी पिकअप गाडी घ्यायला शोरूममध्ये गेला, सेल्समनने कपडे बघून टोमणा मारला की खिशात 10 रुपये तरी आहेत का, तर तो गडी तासाभरात रोख 10 लाख घेऊन हजर! देशभर बातमी झाली, मग माफी वगैरे. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र तेव्हापासून एकच गोष्ट खुपते, की समजा त्याच्याकडे 10 लाख नसतेच, तर? तर तो टोमणा बरोबर ठरला असता का? गरीब दिसणारा श्रीमंत निघाला म्हणून त्याचा मान राखायचा, म्हणजे खरंच गरीब असलेल्याचा नाही राखला तरी चालेल असंच होतं ना. तुझ्या त्या बाईंकडे कदाचित खरंच पैठणीइतके पैसे नसतीलही. मुलीचं लग्न पुढच्या वर्षी असेल आणि भाव काढायला आल्या असतील. किंवा नुसतीच हौस, की एकदा जवळून बघू. यातल्या कुठल्याच कारणासाठी "ती महागाची आहे" हे ऐकून घ्यायची त्यांच्यावर पाळी यायला नको होती.

आता "महाग आहे" च्या जागी काय म्हणायचं? किंमत सांगायची. "ती 14 हजारांची आहे काकू, काढू का?" बस. आकडा ही माहिती आहे, तो कोणालाही सांगता येतो. "महाग" हे तुझं त्यांच्या पाकिटाबद्दलचं मत झालं, आणि ते त्यांनी विचारलेलं नाही. आकडा ऐकून पुढचं त्यांचं त्या ठरवतील, "नको गं, दोन-अडीच हजारापर्यंत दाखव" असं स्वतः म्हणतील आणि मग तू सेमी पैठणी काढशील, कोणाचा पाणउतारा न होता सगळं दहा सेकंदात आटोपतं. हे दादांना पटवून द्यायच्या भानगडीत पडू नकोस. तू तुझ्यापुरतं सुरू कर, तुझा सेल बघून गप्प बसतील.

दादांची बाजूही सांगते, कारण ती खोटी नाही. आमच्या घरचं कापडाचं दुकान होतं गिरगावात त्यामुळे मला माहितीये, माणसं पारखायची ही सवय दुष्टपणातून येत नाही, ती येते घड्यांमधून. एका बाईंना तीस साड्या उलगडून दाखवल्या आणि त्या "येते हं नंतर" म्हणून उठल्या की त्या तीस साड्यांच्या घड्या कोण घालणार? तूच. काठाला काठ जुळवून, पदर वर ठेवून, पुन्हा रॅकमध्ये. आणि तेही दिवसभर उभं राहून. केरळने 2018 मध्ये आणि तमिळनाडूने 2021 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून दुकानातल्या कामगारांना बसायची सोय द्या असं मालकांना बजावलं, म्हणजे बसायला मिळावं म्हणूनसुद्धा कायदा करावा लागतो अशी या धंद्याची तऱ्हा. पाय दुखत असले की समोरच्या माणसाबद्दलचे आपले विचार फारसे उदार राहत नाहीत, हे मी दुकानात लहानपणापासून बघितलंय. तेव्हा दादांवर फार राग धरू नकोस.

मग गर्दीत करायचं काय? चप्पल बघण्यापेक्षा तोंड उघड. "कोणासाठी बघताय? घरात काही कार्य आहे का?" एवढं विचारलं की निम्मं काम होतं, कारण बारशाला आहेराची साडी हवी असलेली बाई आणि स्वतःच्या लेकीचा शालू बघणारी बाई हे दोन वेगळे वेळ आहेत, पैशाचा प्रश्न नंतरचा. बजेट पहिल्या वाक्यात विचारू नकोस, माणसं एकतर संकोचाने कमी सांगतात नाहीतर आव आणून जास्त. त्यापेक्षा पहिल्यांदाच तीन साड्या काढ, एक हलकी, एक मधली, एक भारी, तिन्हीचे भाव न विचारता सांग आणि हात कुठे थांबतो ते बघ. आणि हो, बघायचाच असेल तर हात बघ. घेणाऱ्या बाईचा हात बोलतो. ती पैठणी नुसती डोळ्यांनी बघणार नाही, पदर उलटा करेल, कारण हातमागावरच्या अस्सल पैठणीचा मोर मागूनही तितकाच नीट दिसतो, सुटे धागे लोंबत नाहीत, आणि हे जिला माहीत आहे ती येवल्याची नसली तरी साडीची माणूस नक्की. मग पोत दोन बोटांत चोळेल, काठ ओढून बघेल, "फॉल-पिको तुम्हीच करून देता का" विचारेल. यातलं एकही लक्षण चपलेत दिसत नाही.

शनिवारी संध्याकाळी दोन गिऱ्हाइकं एकदम आली तर सरळ सांगावं, "काकू, ह्यांचं बिल होतंय, पाच मिनिटं बसता का, तोवर पाणी घ्या". मुंबईचा माणूस रांगेत थांबायला कुरकुर करत नाही, त्याला न सांगता ताटकळत ठेवलं की तो चिडतो. आणि खरंच नुसतं बघायला आलेल्यांना, "आज बघून ठेवताय का? मग मंगळवारी-बुधवारी दुपारी या, निवांत दाखवते" असं म्हण. त्या दुपारी तसंही माशा मारायच्या असतात.

---

प्रश्न : मी साइट सुपरवायझर आहे. कामावरून थेट लोअर परळच्या एका मॉलमध्ये मुलाच्या वाढदिवसासाठी घड्याळ घ्यायला गेलो. शर्टावर सिमेंट होतं, मान्य. गेटवर सगळे सरळ आत जात होते, मला एकट्याला अडवून "किधर जाना है" विचारलं, बॅग पूर्ण रिकामी करायला लावली. आत गेलो पण मूड गेला, काही न घेता परत आलो. अशा वेळी कायदा काही आहे की नाही?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : कायदा आहे, पण तुमच्या शर्टापर्यंत तो जेमतेम पोचतो. राज्यघटनेच्या कलम 15(2) मध्ये दुकानं, उपाहारगृहं, करमणुकीच्या जागा यांत प्रवेश नाकारायला मनाई आहे, पण ती धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान या कारणांवरून. कपडे त्या यादीत नाहीत. तृतीयपंथी व्यक्तींसाठी 2019 चा वेगळा कायदा आहे, त्यात दुकानातली सेवा नाकारणं किंवा वेगळी वागणूक देणं याला मनाई आहे. आता गंमत अशी की कपडे बघून माणूस हेरणारा गार्ड पुष्कळदा कपड्यांतून जात, धर्म, गाव हेच हेरत असतो, पण ते सिद्ध कोण करत बसणार.

बॅग तपासायला हरकत घेऊ नका, सगळ्यांची तपासत असतील तर. तुमच्या एकट्याचीच का, हे मात्र तिथल्या तिथे विचारा, आवाज न चढवता, आणि शक्यतो मराठीतच विचारा. गार्डशी भांडण्यात अर्थ नाही, बारा-बारा तास उभा असतो बिचारा, कंत्राटी एजन्सीचा माणूस, आणि त्याच्या अंगावरचा गणवेश काढला तर त्यालाही तोच गेट अडवेल. तक्रार मॉलच्या व्यवस्थापनाकडे ईमेलने करा, तारीख, वेळ, गेट नंबर घालून. 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे पण तिचा उपयोग पैसे घेऊन माल किंवा सेवा खराब दिली तर जास्त, अपमानाची पावती कुठे मिळते.

बाकी तक्रारीने काही होत नाही असं समजू नका. जुलै 2024 मध्ये बंगळुरूच्या एका मॉलने धोतर नेसलेल्या शेतकऱ्याला आत सोडलं नाही. मुलाने वडिलांना सिनेमा दाखवायला आणलं होतं, हातात तिकिटं होती. व्हिडिओ फिरला, विधानसभेत विषय निघाला आणि सरकारने तो मॉल सात दिवस बंद ठेवायला लावला. एक आठवडा धंदा बुडाला की धोतर लगेच चालायला लागतं. घड्याळ मात्र दुसरीकडून घ्या, मुलाचा वाढदिवस थांबत नाही.

---

प्रश्न : सोनाराकडे जाताना मी मुद्दाम चांगली साडी आणि एखादा दागिना घालून जाते, नाहीतर नीट दाखवत नाहीत. आई म्हणते हा काय वेडेपणा, सोनं घ्यायला सोनं घालून जायचं. तुमचं मत?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : जा की घालून, त्यात काय. पण काउंटरवरचा माणूस खरा सरळ होतो ते साडी बघून नाही, प्रश्न ऐकून. बसल्या बसल्या विचारा, आजचा 22 कॅरेटचा भाव काय, घडणावळ किती टक्के, खड्यांचं वजन सोन्यात धरलंय की वेगळं. दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख नंबर, हवाच, 1 एप्रिल 2023 पासून त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, आणि तो नंबर बीआयएस केअर या सरकारी ॲपमध्ये टाकून तिथेच तपासता येतो, भिंग मागून घ्या, लाजू नका. खरेदी 2 लाखांच्या वर जाणार असेल तर पॅन कार्ड बरोबर ठेवा. आणि बिलावर वजन, शुद्धता, घडणावळ सगळं वेगवेगळं लिहून घ्या, "मोडीला आणाल तेव्हा बघू" याला बिल म्हणत नाहीत. एकदा आईलाच पुढे करून हे प्रश्न विचारायला लावा, घरच्या गाऊनवर ओढणी टाकून आल्या तरी चहा येईल.