गटाराचं पाणी, कर्दळीचा वाफा आणि माडाचं आगर

खाडीकाठच्या एका वाडीतून प्रश्न आले आहेत. वरच्या शहराचं सांडपाणी वहाळात उतरतं आणि तेच वायंगण (उन्हाळी) भाताला लागतं. भात गर्द हिरवं माजून लोळतं, ते का? कर्दळ लावून हे पाणी साफ होतं म्हणतात, ते खरं का? झालंच साफ, तर त्यावर माठ-मुळा करावा का?

भात लोळतं ते नत्रामुळे. सांडपाण्यात नत्र असतंच, वर आपण नेहमीचा युरिया टाकतो. मग पानं माजतात, ताट मऊ राहतं, करपा धरतो आणि लोंबीत पळींज (पोकळ दाणे) जास्त भरतं. यंदा युरियाचा दुसरा हप्ता देऊ नका आणि फरक पाहा.

कर्दळीचं खरं आहे. खडी भरलेल्या वाफ्यात ती लावतात आणि सांडपाणी त्या खडीतून सोडतात, पण घाण खातात ते खडीवरचे जिवाणू. दर दाण्यावर त्यांचा बुळबुळीत थर बसतो. कर्दळीची किंवा पाणकणसाची मुळं त्यांना आसरा देतात, थोडा प्राणवायू सोडतात आणि थोडं नत्र-स्फुरद उचलतात. जर्मनीत कॅथे सायडेल यांनी पाणवनस्पतींवरचे असे प्रयोग १९५० च्या दशकात सुरू केले. आपल्याकडे नागपूरच्या नीरी या सरकारी पर्यावरण संशोधन संस्थेची ‘फायटोरिड’ पद्धत याच जातीची. म्हणून नुसत्या चरात कर्दळीचे कंद खोचून काही होत नाही. खडी हवी, आणि खडीच्या आधी गाळ बसवायची टाकी हवीच. टाकी नसेल तर गाळाने खडी तुंबते आणि पाणी वरून वाहू लागतं. टाकीचा गाळ वेळेवर काढायचा आणि तो भाजीत टाकायचा नाही.

जागा किती लागेल? माणशी दीड ते दोन चौरस मीटर धरा. साठ घरांच्या एका गटारावर ३०० माणसं असली, तर दिवसाला साधारण ३०,००० लिटर पाणी आणि पाच-सहा गुंठ्यांचा वाफा. खडीचा थर दोन फूट, पाणी तिच्या पृष्ठभागाच्या दोन-तीन इंच खालीच ठेवायचं, म्हणजे डास होत नाहीत आणि वासही येत नाही. अशा वाफ्यात पाणी साधारण तीन दिवस मुरत पुढे सरकतं.

आता आपल्या मातीचं. जांभा चाळणीसारखा झिरपतो. तळाला शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद घातला नाही, तर हे पाणी शेजाऱ्याच्या विहिरीत जाईल. इथे काटकसर करू नका, मी हात जोडून सांगतो. जांभ्यातलं लोह स्फुरद धरून ठेवतं, पण जांभ्याचा चुरा होऊन वाफा बुजतो, म्हणून भरायला काळी खडीच बरी. पावसाळ्यात भोवती बांध आणि पऱ्याचं (ओढ्याचं) पाणी वळवायला वेगळा चर हवा, नाहीतर आषाढातल्या एका सरीत वाफा वाहून जाईल. जलपर्णी मात्र चुकूनही आणू नका.

माठ-मुळ्याला माझं उत्तर नाही असंच आहे. वाफ्यातून घाण बरीच जाते, पण रोगजंतू आणि जंतांची अंडी सगळी जातीलच असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने कच्ची खायच्या भाजीसाठी लिटरमागे जंताचं एक अंडं ही मर्यादा घातली आहे. ती प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय काकडी, मुळा, कोथिंबीर नकोच. हे पाणी माडाला द्या. बुंध्याशी आळ्यात सोडलेलं पाणी नारळापर्यंत पोचत नाही, आणि उरलेलं नत्र माडाच्या कामाला येतं. उन्हाळ्यात माडाला दिवसाला ४० लिटर धरले, तर ३०,००० लिटरमध्ये साडेसातशे माड भिजतात. पडलेला नारळ मात्र ओल्यात राहू देऊ नका, आणि आळ्यात काम करणाऱ्याने गमबूट घालावेत, घरी आल्यावर हातपाय साबणाने धुवावेत.

अख्ख्या शहराचं पाणी तुमच्या वाडीने पेलायचं नाही. ते साफ करण्याची जबाबदारी शहराची आहे, तेव्हा ग्रामसभेचा ठराव करून तिकडे पाठवा. एका गटारापुरता वाफा करायचा ठरला, तर जागा पाहायला मी येतो.

त्याआधी वहाळाचे दोन नमुने घेऊन ठेवा, एक भरतीच्या वेळी, एक ओहोटीच्या. खाडीचं खारं पाणी वर चढत असेल तर कर्दळ तिथे जगणार नाही, देवनळ (बोरूसारखं उंच गवत) लावावा लागेल. बाटल्यांवर वेळ लिहायला विसरू नका.