ड्रोनच्या 12 मेगापिक्सेल फोटोचा 6 बाय 4 फुटी प्रिंट चांगला येईल का?

तुमच्याकडे छोट्या ड्रोनने काढलेला सूरसागर तलाव आणि भोवतालच्या जुन्या बडोद्याचा फोटो आहे, तो दिवाणखान्यात 6 बाय 4 फुटी लावायचाय आणि प्रिंटवाला 300 डीपीआय, म्हणजे इंचाला 300 पिक्सेल, मागतोय.

300 चा हट्ट सोडायला सांगा. तो हातात धरून बघायच्या फोटोचा हिशोब. चांगली नजर अंशाचा साठावा भाग इतकं बारीक वेगळं ओळखते, त्यामुळे 3438 ला इंचातल्या अंतराने भागलं की इंचाला किती पिक्सेल पुरतील ते कळतं. सहा फुटांवरून 48. तुमचा 4000 बाय 3000 चा फोटो 72 इंचांवर पसरला तर 55 मिळतात. सोफ्यावर बसून बघणाऱ्याला तक्रारीला जागा नाही.

पण सोफ्यावर बसून बघणार कोण? आपल्या गावाचा वरून काढलेला फोटो दिसला की माणूस उठून भिंतीपाशी जातो आणि बोट ठेवतो. हे न्यायमंदिर, ही मांडवी, मग आत्याचं घर कुठंय? दीड फुटावरून त्याच सूत्राने 190 लागतात. आणि दांडिया बाजाराच्या बाजूला नुसती दाटी आहे: पत्रे, टाक्या, गॅलऱ्या, तारा. माणसाचा चेहरा कमी पिक्सेलमध्येही निभावतो, ही दाटी निभावत नाही, तिचा चिखल होतो. एआयने मोठा केलेला फोटो लांबून छान दिसतो, पण जवळ गेलं की नसलेल्या खिडक्या सापडतात. आत्याच्या घराला तिसरा मजला चढलेला मला तरी चालणार नाही.

माझ्या मते इंचाला 120 च्या आसपास मिळाले तर असा प्रिंट जवळूनही समाधान देतो. ड्रोनच्या 48 मेगापिक्सेल मोडने आकड्यात 112 पडतात, पण त्या छोट्या सेन्सरवर चार-चार पिक्सेल एकाच रंगाच्या फिल्टरखाली असतात, म्हणून तपशील काही चौपट होत नाही. भर उजेडात थोडा फायदा दिसतो, संध्याकाळी जवळपास नाहीच.

खरा उपाय फोटो जोडण्याचा. इथे बरेच जण फसतात: त्याच जागी ड्रोन फिरवून पॅनोरमा काढला की दृश्य रुंद होतं, घर मात्र तेवढ्याच पिक्सेलचं राहतं. घर मोठं हवं तर जवळ जा किंवा लांबची लेन्स वापरा. ओळखीत कोणाकडे 70 मिमी लेन्सचा ड्रोन असेल (डीजेआयच्या एअर 3 मध्ये आहे) तर तीन ओळींत तीन-तीन असे नऊ फोटो, शेजारच्या फोटोंत 40 टक्के सामायिक भाग ठेवून काढायला सांगा. नेहमीच्या रुंद लेन्सच्या एका फोटोपेक्षा थोडं अरुंद दृश्य साधारण 8800 बाय 6600 मध्ये मिळतं, म्हणजे 6 फुटांवर इंचाला 122. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक हवेत, फाइल रॉ (कॅमेऱ्याने न दाबलेली, कच्ची) हवी, वारा पडलेला हवा. जोडायला ह्यूगिन नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे.

दिवस निवडताना पाऊस नुकताच धुऊन गेलेली सकाळ गाठा. हिवाळ्यातल्या धुरकटात लांबचं सगळं राखाडी होतं आणि एडिटिंगमध्ये धुरकट घालवणारं डीहेझ ओढलं की आकाशात डाग उठतात. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या, आगेमागे तर ड्रोन बाहेरच काढू नका, मांजा पंख्यात गेला की संपलं. विमानतळ हरणीला, गावालगतच आहे, त्यामुळे ड्रोन कुठे उडवता येतं ते दाखवणारा सरकारी नकाशा आधी बघा. लाल भागात 250 ग्रॅमच्या आतलं ड्रोनसुद्धा परवानगीशिवाय उडवता येत नाही.

कागदाचं म्हणाल तर फ्लेक्स नको. चकचकीत कागदावर समोरची खिडकी दिसते. मॅट कॅनव्हासची वीण थोडा मऊपणा लपवते, म्हणून आहे तोच फोटो छापायचा असेल तर कॅनव्हास घ्या. जोडलेला असेल तर मॅट फोटो पेपर, कारण कॅनव्हास तपशील खाईल. मूळ फोटो 4:3 असतो, 6 बाय 4 मध्ये वरखाली कापला जाईल. भिंत असेल तर 6 बाय साडेचार करा.

फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, पेन ड्राइव्ह घेऊन जा. आधी पूर्ण आकाराच्या फाइलमधला सगळ्यात दाट वस्तीचा एक फूटभर तुकडा त्याच कागदावर छापून घ्या, घरी भिंतीला चिकटवा आणि ज्यांना घर शोधायचंय त्यांनाच बघायला बोलवा.