कंत्राटदार बदलला म्हणून रजा बुडत नाही

प्रश्न : ताई, चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात मी सहा वर्षं प्रेस मशीनवर आहे. मशीन तेच, गेट तेच, कंत्राटदार मात्र तिसरा; हा 2024 च्या जानेवारीत आला. गेल्या महिन्यात आईचं ऑपरेशन झालं. आठ दिवस घरी राहिलो, आठही दिवसांचा पगार कापला. सुपरवायझर म्हणतो, "कंत्राटी माणसाला पीएल (पगारी रजा) नसते." 2025 सालात माझी हजेरी 290 दिवस भरली आहे. मला रजा मिळते का? – एक वाचक, चाकण

उत्तर : मिळते, दादा. मी अकरा वर्षं एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात हजेरी लिहिली. कायम कामगारांच्या नावापुढे रजेचं खातं असायचं. कंत्राटी कामगारांच्या रजिस्टरात रजेचा रकानाच आखलेला नव्हता. रोज तिथे 'ह' लिहिताना मला खटकायचं, कारण 1948 च्या कारखाना कायद्यात 'कामगार' या शब्दात कंत्राटदारामार्फत लावलेला माणूसही धरलेला होता. कायद्यात जागा होती, रजिस्टरात नव्हती.

जुन्या कायद्यात वर्षाला 240 दिवस काम भरावं लागे. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवी कामगार संहिता लागू झाली आणि ही अट 180 दिवसांवर आली. तुमचे 290 दोन्हीकडे बसतात. दर 20 दिवसांच्या कामाला एक दिवस पगारी रजा, म्हणजे साडेचौदा. अर्धा दिवस उरला की पूर्ण धरतात, म्हणून पंधरा. रजेच्या मध्ये येणारी साप्ताहिक सुट्टी या पंधरांतून वजा होत नाही. न वापरलेली रजा 30 दिवसांपर्यंत पुढच्या वर्षात जाते.

आधीचे दोघे कंत्राटदार गेले तेव्हा तुमच्या शिल्लक रजेचे पैसे त्यांनी हिशेबात द्यायला हवे होते. कामावरून कमी केलं तर कमी केल्यापासून कामकाजाच्या दुसऱ्या दिवसापर्यंत. कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो मूळ मालकाला, म्हणजे कारखाना चालवणाऱ्या कंपनीला, भरावा लागतो; मग त्याने तो कंत्राटदाराकडून वसूल करावा. म्हणून तिन्ही कंत्राटदारांच्या पगारचिठ्ठ्या, गेटपास आणि बँकेचं पासबुक शोधून एका पिशवीत ठेवा. तोंडी सहा वर्षं कुणी मोजत नाही.

चिठ्ठीवर ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) 0.75 टक्के कपात दिसते का, तेही पाहा. दिसत असेल तर तुमच्यावर अवलंबून असलेल्या आईचे उपचार त्या योजनेत होतात. आजारपणाचा भत्ता मात्र फक्त तुमच्या स्वतःच्या आजाराला.

आता कापलेले आठ दिवस. ते 2025 च्या रजेतून वळते करा, असा अर्ज आजच लिहा. आईचे डिस्चार्ज पेपर जोडा. पुढच्या वेळी रजेच्या 15 दिवस आधी लेखी मागा. अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने कंत्राटदाराला आणि कंपनीच्या एचआरला पाठवा आणि पावती त्याच पिशवीत टाका. रीतसर मागूनही रजा नाकारली, तर त्या रजेला 30 दिवसांची मर्यादा लागत नाही, ती कितीही साठते. तरीही कुणी दाद दिली नाही तर बुडालेल्या पैशांसाठी सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा. एकटे जाऊ नका. तुमच्या लाइनवर ज्यांची रजा अशीच कापली गेली आहे, त्यांनाही घेऊन जा.