पार्स्लीची कुंडी एवढ्यात रिकामी करू नका
आठ दिवसांत काही दिसेना म्हणून माती उकरून बघितलीत ना? तिथेच चुकलं. पार्स्ली दिसायला कोथिंबिरीसारखी, पण ती कोथिंबीर नव्हे, तिला उगवायला ३-४ आठवडेही लागतात. बी ताजं घ्या, जुनं उरलेलं नको. रात्रभर पाण्यात भिजवा, जेमतेम अर्धा सेंटिमीटर खोल पेरा आणि वर ओलं गोणपाट टाका. कोंब दिसला की मात्र ते लगेच काढायचं. (मी एकदा विसरले, सगळी रोपं पिवळी पडून गेली.) पुण्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरची पेरणी बरी, उन्हाळ्यात बी वाया जातं. तिला सोटमूळ (सरळ खोल जाणारं मुख्य मूळ) असतं, म्हणून ८-१० इंच खोल कुंडीत थेट पेरा, रोप उपटून दुसरीकडे लावायच्या भानगडीत पडू नका. पुढे वापरायला पानं काढताना बाहेरच्या काड्या बुडापासून कापा, मधला कोंब राखा.