तो विषय आधी आपण काढायचा

सोलापूर

प्रिय डॉक्टर,

तुझा निरोप रात्री वाचला. जुळे सोलापुरातल्या त्या घरी म्हाताऱ्या लॅब्राडॉरसाठी तुला बोलावलंय. औषधांची माहिती आहे, पण त्या माणसांसमोर तोंड कसं उघडायचं ते सुचत नाही, असं तू लिहिलंस. फोनवर हे नीट बोलून होणार नाही, म्हणून लिहितो.

दयामरणाचा विषय घरच्यांनी काढायची वाट पाहू नकोस. तो तू काढायचास. इतकी वर्षं हे काम करताना मला सर्वांत जास्त पटलेली गोष्ट हीच आहे. आपल्याकडच्या घरांत हे पहिल्यांदा कुणीच बोलत नाही. वडील विचारतात, "डॉक्टर, अजून एक सलाईन लावून बघू या का?" आजी देवापुढे म्हणते, "सिद्धरामेश्वरा, सोडव रे बाबा याला," पण डॉक्टरला तसं म्हणत नाही. मुलगा पुण्याहून व्हिडिओ कॉल करून सांगतो की मी येईपर्यंत काहीही करून जगवा. प्रत्येकाच्या मनात तोच विचार असतो आणि जो बोलेल त्याच्या माथी पाप, अशी प्रत्येकाला भीती असते. या गप्प राहण्यात ते जनावर आठ-आठ दिवस स्वतःच्या लघवीत पडून राहतं. तू बोललीस की त्यांना मोकळेपणाने रडता येतं, भांडता येतं, एकमेकांना विचारता येतं. निर्णय त्यांचाच राहतो, सहीही त्यांचीच लागते. विषयाला तोंड फोडायचं काम मात्र आपलं.

तेही शेवटच्या रात्री नाही. ज्या दिवशी रिपोर्ट हातात येतो, किडनी पार गेलेली दिसते किंवा हाडाचा कॅन्सर फुप्फुसात उतरलेला दिसतो, त्याच दिवशी सांगायचं: "आत्ता औषधं चालू ठेवू. पण पुढे अशी वेळ येईल की औषध त्याच्यासाठी नाही, आपल्यासाठी चाललेलं असेल. ती वेळ आली की मी तुम्हाला सांगेन. तुम्हाला आधी वाटलं तर तुम्ही मला विचारा." एवढं बोलून ठेवलं की पुढच्या भेटीत घर तयार असतं.

त्याआधी तुझी स्वतःची खात्री हवी, आणि इथे नवे डॉक्टर फसण्याची भीती जास्त. दिसायला भयानक असलेला प्रत्येक आजार जीवघेणा नसतो. म्हातारं कुत्रं एका सकाळी उठतं तर मान एका बाजूला कललेली, डोळे झरझर हलताहेत, उभं राहायला गेलं की कोलमडतं, ओकतं. घरचे म्हणतात लकवा मारला, आता संपलं. अशी पुष्कळ कुत्री आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या बिघाडाने पडलेली असतात. दोन-तीन दिवसांत सावरू लागतात आणि दोन-तीन आठवड्यांत पुन्हा गल्लीत फिरतात. मान थोडी वाकडी राहिली तर राहिली. किडे पडलेली जखम पाहून माणसं नाक दाबून "द्या इंजेक्शन" म्हणतात. किडे काढून, धुऊन, रोज ड्रेसिंग केलं तर आत लालबुंद निरोगी मांस वर येतं. जननेंद्रियावरची ती रक्त गळणारी गाठ, जी कुत्र्यांत संगातून पसरते, ती आठवड्याला एक व्हिन्क्रिस्टिन हे कॅन्सरचं इंजेक्शन दिलं तर बहुतेक वेळा चार-सहा आठवड्यांत विरते. गोचिडतापाने गळून गेलेलं, हिरड्या पांढऱ्या पडलेलं कुत्रं डॉक्सिसायक्लिनवर उठून बसतं. लघवी तुंबलेल्या बोक्याचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, बघून हात टेकू नकोस. नळी घालून वाट मोकळी केली की तो आकडा उतरतो. यातलं काही समोर असेल तर दयामरणाचं नावही काढू नकोस, उपचाराचं बोल.

मग वेळ आली हे कसं ओळखायचं? अमेरिकेतल्या ॲलिस व्हिलालोबोस या कॅन्सरवर काम करणाऱ्या पशुवैद्य आहेत. त्यांनी सात गोष्टींची मोजपट्टी केली आहे: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकीला शून्य ते दहा गुण द्यायचे, स्थिती जितकी चांगली तितके जास्त. बेरीज ३५ च्या वर असेल तर सांभाळत राहायला हरकत नाही. वेदनेचे गुण देताना श्वासाचा त्रासही मोजायचा, कारण श्वास न पुरण्याइतका त्रास दुसरा नाही. ही पट्टी तुझ्या डोक्यात असू दे. घरच्यांना मात्र मी गुण मोजायला लावत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री चांगल्या दिवसाला बरोबरची खूण आणि वाईट दिवसाला फुली करा, इतकंच सांगतो. ओळीने फुल्या दिसू लागल्या की त्यांना मी वेगळं काही सांगावं लागत नाही.

विचारायचं कुणाला, हेही पाहा. सही बहुतेक वेळा घरातला कर्ता पुरुष करतो, पण जनावराची खरी खबर त्याला भाकरी कुस्करून घालणाऱ्या बाईला असते. रात्री तो किती वेळा उठला, कुठल्या कुशीवर झोपतो, आवाज दिल्यावर शेपूट हलते का, हे तिला माहीत असतं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी असते आणि तिला कुणी विचारत नाही. तू विचार. पूर्व भागातल्या घरात ती तेलुगूत बोलेल, अक्कलकोटकडच्या घरात कानडीत. तुला येत नसेल तर सुनेला शेजारी बसव आणि तिचं बोलणं पुरं ऐक. मांजरांच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं. मांजर दुखणं लपवतं, कोपऱ्यात आक्रसून बसतं, अंग चाटणं सोडतं, आणि तेवढंच कळतं.

पैशांवरून कुणाला कमी लेखू नकोस. यंत्रमागावर किंवा विड्या वळून घर चालवणाऱ्या माणसाने "साहेब, एवढं झेपत नाही" म्हटलं, तर ते प्रेम कमी असल्याचं लक्षण नाही. स्वस्तात जे होईल ते आधी प्रामाणिकपणे सांग. तेही उपयोगाचं नसेल आणि जनावर तळमळत असेल, तर पैशाअभावी घेतलेला निर्णयसुद्धा दयेचाच असतो. हे त्यांना तुझ्या तोंडून ऐकू दे.

काही घरं नाहीच म्हणतील. आपल्या शहरात जैन कुटुंबं बरीच आहेत. त्यांतल्या अनेकांना हे चालत नाही, इतरांतही असे असतात. वाद घालू नकोस, पाठही फिरवू नकोस. वेदनाशामक नीट दे, कातडीखाली सलाईन कसं द्यायचं ते घरच्यांना शिकव, दर काही तासांनी कूस बदलायला सांग, मे महिन्यात ओलं फडकं आणि पंख्याची सोय बघ. माणसांच्या गोळ्या घरातून देऊ नका हेही बजाव. मांजराला पॅरासिटामॉल म्हणजे विष आहे, आणि किडनी गेलेल्या कुत्र्याला मेलोक्सिकॅम हे वेदनाशामक देणं म्हणजे उरलीसुरली किडनी घालवणं. कुणी म्हणेल आज अमावस्या आहे, उद्या एकादशी आहे. वेदना आटोक्यात असतील तर एक दिवस थांब. नसतील तर स्पष्ट सांग की याला तिथी कळत नाही.

नाही म्हणण्याची पाळी तुझ्यावरही येईल. बदली झाली, नव्या फ्लॅटमध्ये कुत्रं चालत नाही, बाळ होणार आहे, ही कारणं घेऊन निरोगी जनावर आणतील. देऊ नकोस, आणि दुसरं घर शोधायला मदत कर. रस्त्यावरच्या कुत्र्यांना २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम लागू आहेत, तिथे निर्णय तुझ्या एकटीचा नसतो. आणि कुठल्याही कुत्र्याच्या बाबतीत हा प्रश्न आधी विचार: गेल्या दहा दिवसांत कुणाला चावलंय का? चावलं असेल तर घाई नको. त्या माणसाला आजच लस घ्यायला पाठव, रेबीज आहे का ते कळायला कुत्र्याला वेगळं बांधून दहा दिवस नजरेखाली ठेव. रेबीजची लक्षणं दिसली तर हातमोज्यांशिवाय जवळ जायचं नाही. तुझी स्वतःची लस झाली आहे ना?

आता प्रत्यक्ष काम. रांगेत पेशंट बसलेले असताना हे करू नकोस. शेवटची वेळ दे किंवा घरी जा. संमतीपत्र मराठीत असू दे, पैसेही आधीच घे. नंतर रडणाऱ्या माणसाकडे बिल मागणं कुणालाच बरं वाटत नाही. काय होणार ते क्रमाने सांग: आधी गुंगी, मग खोल भूल, मग हृदय थांबेल. डोळे उघडेच राहतील. शेवटी एखादा मोठा उसासा येईल, अंग फडफडेल, लघवी-संडास होईल. यातलं काही त्याला जाणवणार नाही. हे आधी सांगितलं नाही, तर त्या उसाशावर घरचे किंचाळतात, आपलं कुत्रं जिवंत होतं असं त्यांना जन्मभर वाटत राहतं.

गुंगी दिल्याशिवाय पुढे जायचं नाही, मग जनावर कितीही शांत असो. गुंगीच्या झायलाझिनने उलटी होऊ शकते, मांजरांना तर हमखास, तेही आधी सांग. त्याने रक्तदाब उतरतो आणि म्हाताऱ्या, पाणी कमी झालेल्या जनावराची शीर सापडत नाही, म्हणून शक्य असेल तर कॅन्युला, म्हणजे शिरेत बसवायची बारीक नळी, आधीच लाव. मी मागच्या पायाला लावतो आणि लांब नळी जोडतो. तोंडापाशी घरची माणसं असतात, मी पायाशी असतो. कॅन्युला शिरेतच आहे याची सलाईन ढकलून खात्री कर, कारण भुलीचं थायोपेंटोन शिरेबाहेर गेलं तर भयंकर आग होते. हृदय थांबवायला पोटॅशियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम सल्फेट द्यायचंच असेल तर पूर्ण खोल भुलीतच. बुबुळाला स्पर्श केल्यावर पापणी हलत नाही, पंजा चिमटल्यावर पाय ओढत नाही, हे बघूनच. शुद्धीत असलेल्या जनावराला ही औषधं देणं म्हणजे त्याला यातना देऊन मारणं आहे. प्राण्यांना क्रूरपणे मारण्याविरुद्ध १९६० पासून कायदा आहे. पण कायदा नसता तरीही हे मी तुला असंच सांगितलं असतं.

मग स्टेथो लावून पाच मिनिटं ऐक. घड्याळ लावून पाच. खात्री झाली की "गेला" असं साध्या शब्दांत सांग. लहान मुलांना "झोपवलं" म्हणू नकोस, ती रात्री झोपायला घाबरतात. मुलांना थांबायचं असेल तर थांबू दे, नको असेल तर शेजारी पाठवू दे, जबरदस्ती कशाचीच नको.

पुढची सोय आधीच बोलून ठेव. आपल्या उन्हाळ्यात मृतदेह फार वेळ ठेवता येत नाही. शेत असेल तर खोल खड्डा करायला सांग, भटकी कुत्री उकरणार नाहीत इतका, कारण ही औषधं मांसात राहतात आणि खाणाऱ्या जनावराला बाधतात. उकिरड्यावर किंवा तलावाकाठी टाकू देऊ नकोस. शेत नसेल तर महापालिकेत कुणाला फोन करायचा ते तू माहीत करून ठेव, त्या वेळी घरच्यांना सुचत नाही.

दोन-तीन दिवसांनी त्यांना फोन कर. "आपण घाई तर नाही ना केली?" हा प्रश्न येतोच. रिपोर्ट समोर ठेवून खरं उत्तर दे.

लांब नळी तुझ्याकडे नसेल तर माझ्याकडे आहेत. उद्या सकाळी साडेनऊनंतर मी दवाखान्यात असतो, जाताना घेऊन जा.

तुझे सर