पांढरी डेझी उन्हाळ्यात का जळते?

प्रश्न : काकू, आमच्या घरासमोर कुंपणाच्या कडेनं फुलझाडांची लांब पट्टी आहे. दिवसभर ऊन, माती काळी. मागच्या हिवाळ्यात नर्सरीतून पांढरी डेझी आणली, दरवर्षी फुलेल असं सांगितलं होतं. फेब्रुवारीत छान फुलली, मे महिन्यात जळाली. उरलीसुरली पावसाळ्यात सडली. पाणी कमी पडलं का?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, पाणी कमी नाही, बहुतेक जास्तच झालं. मे महिन्यात रोप मलूल दिसलं की आपण बादली ओततो. काळ्या मातीत ते पाणी मुळाशी तुंबतं, वरून पंचेचाळीस अंशांचं ऊन. मग रोप कशाला जगेल?

तुमची ती शास्ता डेझी. ल्यूथर बरबँक यांनी कॅलिफोर्नियात संकर करून १९०१ साली ती बाजारात आणली आणि नाव दिलं तिथल्या बर्फाळ माउंट शास्ताचं. नर्सरीवाला खोटं बोलला नाही, पण त्याचं म्हणणं थंड मुलखापुरतं खरं. चिखलदऱ्याला, अकराशे मीटरवर, कोणी ती जगवली तर नवल नाही. दारव्ह्यात तिला हिवाळी पाहुणी समजा : सप्टेंबरअखेर बी टाका, मार्चपर्यंत फुलं घ्या, एप्रिलमध्ये उपटा. जीव लावू नका.

कायमच्या पट्टीसाठी त्याच कुळातली दोघं आपल्याकडे आहेतच. पुढे गलांडा, मागे शेवंती. आधी वाफा अर्धा फूट उंच करा, मातीत रेती किंवा बारीक मुरूम मिसळा, म्हणजे जुलैतलं पाणी निघून जाईल.

गलांड्याला शेणखत बेतानंच द्या. लाड केले की नुसता पाला माजतो. एक झाड फार वर्षं टिकत नाही, पण बी सांडून स्वतःच उगवतं. वाळलेलं फूल नखानं उकलून बघा. रंगीत कडा गळाल्यावर जो खरखरीत गोळा उरतो, तो सगळा बियांचाच. मधल्या चकतीतला एकेक कण म्हणजे एक स्वतंत्र फूल असतं, म्हणून एका बोंडातून इतकं बी निघतं. दोन-चार गोळे झाडावर राहू द्या, बाकीचे खुडा, तरच फुलं येत राहतात.

शेवंती गावठीच घ्या, शेजारणीकडून काश्या, म्हणजे झाडाच्या बुडाशी फुटलेले कोंब, मागून. बाजारातल्या कुंडीतली मोठ्या फुलांची शेवंती दिसायला देखणी, पण आपल्या उन्हात तिचा भरवसा मला वाटत नाही. पाऊस पडला की फूटभर अंतरावर काश्या लावा, महिन्याभरानं शेंडा खुडा म्हणजे फांद्या फुटतील. बहर संपला की झाड वीतभर ठेवून छाटा, बुडाशी नव्या काश्या येतात. उन्हाळ्यात पश्चिमेकडून तुराट्यांची तट्टी उभी करा. पाणी सकाळी लवकर, तेही बोट खुपसून माती कोरडी लागली तरच. थोड्या काश्या सांदवाडीत, दुपारची सावली येते तिथं, वेगळ्या जपून ठेवा. पट्टी करपली तरी बेणं हाती राहतं. कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसला तर तो शेंडाच मोडून टाका, औषधाच्या मागे लागू नका.

अंगणातला दिवा रात्रभर ज्या टोकाला उजेड पाडतो, तिथं शेवंती लावू नका. लांब, अंधारी रात्र मिळाल्याशिवाय ती कळ्या धरत नाही. तिथं गलांडाच बरा.