मृत्युपत्रात ‘तो’ लिहायचं की ‘ती’?

प्रश्न : मला दोन अपत्यं आहेत. धाकटं स्वतःला मुलगा म्हणवत नाही, मुलगीही म्हणवत नाही. माझ्या मृत्युपत्राच्या मसुद्यात वकिलांनी सगळीकडे ‘मुलगा’ आणि ‘तो’ लिहिलं आहे. बदला म्हटलं, तर ‘कायद्याने काही फरक पडत नाही’ म्हणतात. मग नावाशेजारी सर्वनामाचा रकानाच का असू नये? – एक आई

उत्तर : रकाना नको, असं माझं मत आहे. मसुदा मात्र जरूर बदलून घ्या.

तुमचे वकील चुकीचं सांगत नाहीत. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ७६ नुसार, कुणाला द्यायचं आहे हे मृत्युपत्रातल्या शब्दांवरून पुरेसं कळत असेल, तर नावात किंवा वर्णनात चूक झाली म्हणून ते देणं रद्द होत नाही. पण ‘फरक पडत नाही’ हे मी सरसकट मान्य करणार नाही. पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही येतात, असं १८९७ च्या जनरल क्लॉजेस अॅक्टने सांगून ठेवलं होतं. तरीही १९१६ मध्ये रेजिना गुहा यांनी वकिलीसाठी अर्ज केला, तेव्हा कलकत्ता उच्च न्यायालयाने तो फेटाळलाच. स्त्रियांना वकिली करता यावी म्हणून १९२३ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. जुन्या दंड संहितेत ‘तो’ म्हणजे पुरुष किंवा स्त्री असा खुलासा होता. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेने त्यात तृतीयपंथी व्यक्तींचाही उल्लेख केला. फरक पडतच नसता, तर हा बदल कशाला केला असता?

मी दस्त लिहायला शिकत होते तेव्हाची गोष्ट. एका छापील प्रतिज्ञापत्रावर सही करायला एक वयस्कर बाई आल्या. त्यांनी बोट ठेवून ओळ वाचली, ‘मी लिहून देतो की’, आणि थांबल्या. “मी ‘देतो’ कशी?” चालतं, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. त्यांनी माझंच पेन घेतलं, ‘तो’ खोडून ‘ते’ केलं आणि प्रत्येक खाडाखोडीशेजारी सही केली. पाच ठिकाणी. त्या दिवसापासून मी ‘लिहून देत आहे’ असंच लिहिते. ते कुणालाही चालतं.

मराठीत लिंग फक्त सर्वनामात नसतं, क्रियापदातही असतं. त्यामुळे नावापुढे ‘तो’, ‘ती’ किंवा ‘ते’ लिहिलं, तरी खालच्या ओळीत ‘घेतो’ किंवा ‘घेणारा’ येतो आणि पुन्हा तीच अडचण. पण वाटही मराठीतच आहे. ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ हे आपल्या दस्तांतले जुने शब्द पाहा, त्यांत बाई-पुरुष काहीच नाही. ‘मुलगा’ऐवजी ‘अपत्य’ लिहा. ‘त्यांना मिळावे’, ‘त्यांनी वापरावे’ अशी आदरार्थी रूपंही सगळ्यांना सारखीच लागतात.

मात्र जिथे वाटणी सांगायची, तिथे सर्वनाम नकोच. ‘दोघांनी घर वापरावे व त्यांच्या पश्चात ते त्यांच्या मुलांना मिळावे’ असं वाक्य मी एका मृत्युपत्रात वाचलं आहे. एकाच्या पश्चात की दोघांच्या? कुणाच्या मुलांना? भावंडं त्या एका ‘त्यांच्या’वरून वर्षानुवर्षं भांडली. तिथे दर वेळी पूर्ण नाव घाला, कितीही कंटाळवाणं वाटलं तरी.

आता रकान्याबद्दल. छापील रकाना आला की तो भरावाच लागतो. ज्यांनी अजून घरीही सांगितलेलं नाही, त्यांना ते कारकुनासमोर आणि साक्षीदारांसमोर सांगायची वेळ येईल. नाहीतर खोटं लिहावं लागेल. शिवाय सर्वनामाने माणसाची ओळख पटत नाही. ती नाव, जन्मतारीख, ओळखपत्राचा क्रमांक यांनीच पटते. दस्त पन्नास वर्षांनी उघडला जाईल; तेव्हा ती व्यक्ती स्वतःला काय म्हणवत असेल, हे आज कुणी ठरवू नये. स्वतःहून लिहायचं असेल, तर कुणी अडवू नये हेही तितकंच खरं.

एक काळजी घ्या. अपत्याचं नाव ओळखपत्रावर आहे तसंच लिहा. दुसरं नाव वापरात असेल, तर मध्ये ‘ऊर्फ’ घालून दोन्ही नावं द्या. मृत्युपत्रातला त्यांच्याबद्दलचा परिच्छेद सहीआधी त्यांना वाचून दाखवता आला, तर फारच चांगलं.